हाक कोण म्हणून मारावी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी भिंत सोडा. भिंतीला कान असतात म्हणे, पण तिला हसता येत नाही, आणि मला हसणारी माणसं समोर लागतात. आज हाकेची गोष्ट सांगतो. एका दिव्याला हाक मारली, त्यानं ती ऐकली, त्याला ती कळलीही, तरी तो आला नाही. का आला नाही आणि मग कसा आला, एवढीच गोष्ट. पूर्वरंग लांबवत नाही.

एका नाट्यगृहात दिवे लावणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना दिवेवाले म्हणत. जवळचे लोक काजवा म्हणत, कारण अंधाऱ्या विंगेत फिरताना त्यांच्या कपाळावर छोटी बॅटरी लुकलुकायची. घरी सून त्यांना मामंजी म्हणे. माणूस एकच, नावं तीन. हे लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

त्या नाट्यगृहात एक नाटक फार वर्षं चाललं होतं. त्यात एक आई अंगणात बसून मुलाची वाट बघते. बोलत काहीच नाही. ती बसलेली असते आणि तिच्या अंगावर पहाट उगवते. ही पहाट दिवेवाल्यांची. तिला घड्याळ नव्हतं. नटीबाईंचा श्वास जड असला तर पहाट रेंगाळायची, श्वास मोकळा झाला की उजाडायची. दिवेवाले दिव्यांच्या बोर्डापाशी बसून तिच्या खांद्यांकडे बघत आणि बोटांनी दांडे सरकवत. लोक म्हणत, रडू नटीमुळे येतं. नटीबाई म्हणत, मला रडू काजव्यामुळे येतं.

मग त्यांचा हात थरथरू लागला. पहाटही थरथरू लागली. रंगमंचावर सूर्य ढगाआड लपंडाव खेळतोय असं वाटायचं.

त्या वेळी त्यांचा एक मित्र होता, ध्वनी सांभाळणारा. आवाज मोठा, म्हणून नाव भोंगा. हा भोंगा रिकाम्या वेळात कॉम्प्युटरची पुस्तकं वाचायचा. त्यानं मित्रासाठी एक छोटी भाषा केली. लिस्प नावाची एक जुनी भाषा आहे, तिच्या वळणाची. तिच्यात जे सांगायचं ते कंसात सांगायचं: आधी काम, मग ते कोणी करायचं, मग किती. ती वाचून पाळणारा कॉम्प्युटरचा कार्यक्रम, म्हणजे इंटरप्रिटर, त्यानं जावा नावाच्या दुसऱ्या एका भाषेत लिहिला. दिवेवाल्यांनी आपली पहाट त्या भाषेत उतरवली. आता त्यांनी नटीबाईंच्या श्वासाबरोबर एक कळ दाबायची आणि बाकीचं कंसांनी करायचं. थरथरत्या बोटालाही एक कळ दाबता येते.

भोंगा म्हणायचा, "काजव्या, या भाषेत ओळीओळीला कंस जन्माला येतो. त्याचा शेवटी वध केल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही." दिवेवाले एखादा कंस मिटायला विसरले की तो पाठीमागून ओरडायचा, "जिवंत आहे रे तो, जिवंत आहे."

पुढे भोंगा वारला. नाटक चालू राहिलं, पहाट होत राहिली. आणि एका संध्याकाळी जुना बोर्ड जळका वास देऊन बंद पडला तो पडलाच.

नवा बोर्ड आला, नवे दिवे आले. काच नाही, तार नाही, सगळे एलईडी. भोंग्याच्या भाषेला जुन्या बोर्डाचे दहाबारा हुकूम तेवढे ठाऊक होते. नव्या बोर्डाशी बोलायचं तर कंपनीनं जावात लिहून दिलेल्या एका बंद पेटीतून बोलायचं, आणि त्या पेटीत शेकडो हुकूम. कंपनीचा माणूस हसतमुख होता. म्हणाला, "काका, कशाला त्रास घेता? यात पहाट तयारच आहे. बटण दाबलं की होते."

दिग्दर्शिकाबाई चांगल्या होत्या, पण त्यांच्यापुढे तारखा होत्या. त्या म्हणाल्या, "काका, शुक्रवारी रंगीत तालीम आहे. तोवर तुमची पहाट उगवली तर उगवली. नाहीतर मला तयार पहाट घ्यावी लागेल."

"घ्या की," दिवेवाले म्हणाले. "मग मी घरीच बसतो. तयार पहाटेला माणूस कशाला लागतो."

बोलले शांतपणे, पण घरी आल्यावर चप्पल कोपऱ्यात न ठेवता दाराच्या मधोमध सोडली. सासूबाईंना तेवढं पुरे झालं. त्या सुनेला म्हणाल्या, "तुझ्या त्या कॉम्प्युटरातलं काही बघ बाई. हे घरी बसले तर आपण दोघींनी जायचं कुठं?"

सून जावामध्येच काम करी. नवरा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे संध्याकाळ तिची होती. तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. कंपनीनं नमुन्यादाखल दिलेला एक दिवा आणि एक छोटा बोर्ड शेजारी ठेवला. मामंजी समोर बसले.

पहिले दोन दिवस तिनं सरळ मार्ग धरला. नव्या बोर्डाचा एक हुकूम घ्यायचा आणि त्याच्यासाठी भोंग्याच्या भाषेत एक नवा शब्द घडवायचा. जावात या हुकुमांना मेथड म्हणतात. एक मेथड, एक शब्द. पण मामंजींना प्रत्येक वेळी दुसरंच काही हवं असायचं.

"जरा तिरका करता येईल का गं?"

"थांबा हं, मामंजी." तिनं इंटरप्रिटर बंद केला, शब्द लिहिला, पुन्हा बांधला, पुन्हा सुरू केला. तोवर मामंजी दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे.

"झाला तिरका. आता मऊ कर."

"मऊ?"

"कडा मऊ."

पुन्हा बंद, पुन्हा लिहा, पुन्हा सुरू. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पाहुण्याला एकेक घास देताना दर वेळी नवीन चूल मांडतेय ही."

सून हसली, पण तिला ते लागलं. तिनं भोंग्याचा जावामधला मूळ मजकूर उघडला आणि इंटरप्रिटर कुठे मोकळा करता येईल ते बघू लागली. भोंग्यानं आपल्या भाषेचे मूळ शब्द एकाखाली एक लिहिले होते: उजळ, मंद, थांब, पुढे. आणि सगळ्यात शेवटी एक शब्द होता, हाक. त्याला अंगच नव्हतं. तो काहीच करत नव्हता. वर भोंग्यानं स्वतःसाठी एक टीप टाकली होती: "कोणालाही, कशासाठीही. नंतर बघू."

"मामंजी, हे हाक काय आहे?"

मामंजी चष्मा वर करून बघत राहिले. "हे ठेवलंय होय त्यानं? मी विचारलं होतं एकदा, ही रिकामी खोली कशाला ठेवलीस म्हणून. तर म्हणाला, उद्या कोण येईल ते आज कुठं माहीत आहे? पण येईल त्याला हाक मारता आली पाहिजे."

भोंग्याला काय करायचं होतं ते सुनेला उमगलं. जावात एक सोय आहे. चालू कार्यक्रमात कुठल्याही वस्तूपुढे आरसा धरायचा आणि विचारायचं, तू कोण, तुला काय काय येतं. वस्तू आपल्या मेथडींची नावं सांगते. मग त्यांतलं एखादं नाव नुसत्या अक्षरांत हातात असलं तरी त्या नावानं तिला बोलावता येतं. या सोयीला रिफ्लेक्शन म्हणतात, आरशातलं प्रतिबिंब. म्हणजे शेकडो शब्द घडवायला नकोत. एकच शब्द पुरे: हाक. हाक, मग ज्याला मारायची तो, मग कामाचं नाव, मग हातात काय द्यायचं ते.

नाव ठाऊक असलं की पुरे, बाकीचं ज्याचं नाव आहे तो बघतो. ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही, नाही का?

भोंग्याच्या रिकाम्या शब्दात तिनं जीव घातला. मामंजींनी एका बोटानं कंस उघडला, आत हाक लिहिलं, बोर्ड लिहिलं, उजेडाच्या मेथडीचं नाव तिनं सांगितलं तसं अक्षर अक्षर टिपलं, आणि पुढे अर्धा असा आकडा दिला. कंसाचा वध केला. कळ दाबली.

दिवा विझला.

"अर्धा मागितला," मामंजी म्हणाले, "तर याच्यापाशी तेवढाही नाही."

तिनं पुन्हा करून पाहिलं. पाव मागितला, अंधार. पाऊण मागितला, अंधार. एक मागितला तर दिवा इतका मंद लागला की मामंजींनी त्याच्याकडे वाकून बघितलं. "हा माझा नातेवाईक दिसतो," ते म्हणाले. "काजवा."

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. "अहो," त्या म्हणाल्या. मामंजींनी मान वर न करता हात पुढे केला आणि चहाचा कप घेतला. थोड्या वेळानं पुन्हा "अहो." मामंजी उठले, पिशवी घेतली, बाजारात जाऊन आले. परत येऊन बसतात न बसतात तोच "अहो." त्यांनी चष्मा नाकावर नीट केला आणि वीजबिलावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली.

सून टक लावून बघत होती.

"काय बघतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही तिन्ही वेळा नुसतं अहो म्हणालात. मामंजींना कसं कळतं कशासाठी ते?"

"ते शब्द कुठं ऐकतात? माझ्या हातात काय आहे ते बघतात."

"आणि हात रिकामा असला तर?"

"तर जागा सोडत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना ठाऊक असतं, आता बोलणी बसणार."

सून लॅपटॉपकडे वळली. उजेडाच्या त्या एका नावाच्या मेथडी खरं तर दोन होत्या. एकीला पूर्ण आकडा लागे, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. दुसरीला अपूर्णांक लागे, अर्धा, पाव, पाऊण. नाव एकच. आणि तिची हाक नावाची पहिली जी भेटेल तिचा हात धरून आणत होती. ती आली पूर्ण आकड्याची. तिच्यासाठी अर्ध्याचा पूर्ण आकडा करताना शून्य झालं आणि दिवा मालवला. चूक दिव्याची नव्हती. हाक मारणारीनं आपल्या हातात काय आहे ते बघितलं नव्हतं. सुनेनं हाकेला शिकवलं, आधी हातातलं बघ, मग त्याच नावाच्या दोघींमधली कोण ते ठरव. मामंजींनी पुन्हा अर्धा लिहिला. भिंतीवर अर्धा उजेड पडला, ना कमी ना जास्त.

"आई," ती आत डोकावून म्हणाली, "तुमच्यामुळे झालं."

"झालं ना? मग ताटं घे."

जेवण झाल्यावर मामंजींनी पुन्हा खुर्ची ओढली. आता त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. कुतूहल होतं, पोराला नवीन कुलूप सापडल्यावर असतं तसलं. ते म्हणाले, "तू म्हणालीस ना, वस्तू आपल्याला येतं ते सांगते? बोर्डाचं राहू दे. या दिव्यालाच विचार. बाबा रे, तुला काय काय येतं?"

बोर्ड म्हणजे सगळ्या दिव्यांचा कारभारी. त्याला सांगितलं की तो हवा तो दिवा हातात देई. सुनेनं दिवा मागून घेतला, त्याच्यापुढे आरसा धरला. पडद्यावर नावांची रांग उभी राहिली. मामंजी एकेक नाव लावून वाचू लागले आणि अर्थ विचारू लागले. हे काय? फिरणं. हे? लुकलुकणं. "ते मला येतं. पुढचं?" हे स्वतःची गरमी सांगणं. "दिव्याला ताप आला तर सांगतो म्हणजे. बरा आहे. आमचे जुने न सांगताच जायचे."

आणि मग एका नावापाशी त्यांचं बोट थांबलं. "रेड शिफ्ट. म्हणजे?"

सुनेनं कंपनीची माहिती शोधून वाचली. "जुन्या तारेच्या दिव्याची नक्कल आहे, मामंजी. उजेड कमी होत गेला की रंग तांबूस होत जातो."

मामंजी खुर्चीत ताठ झाले. म्हणाले, "अगं, याच्यासाठीच तर मी या दिव्यांवर रुसलो होतो. जुना दिवा मरताना लाल होतो. उगवतानाही आधी लालच उगवतो. आपल्याला पहाट कळते ती त्या लालीवरून. हे नवे दिवे पांढरेच जन्मतात आणि पांढरेच मरतात, कोणी मध्येच फोन ठेवल्यासारखे. माझी पहाट यांच्यावर चढवायची म्हणजे कसं होणार, हीच मला काळजी होती. आणि याला ते येतं? हाक मार त्याला. आत्ता मार."

तिनं हाक मारली. दिवा, रेड शिफ्ट, पूर्ण.

पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही.

पुन्हा मारली. परवानगी नाही. दुसऱ्या कामाच्या नावानं मारली, अगदी साध्या उजेडाच्या. परवानगी नाही. बोर्डाला मारलेली हाक पोचत होती, आणि बोर्डानं हातात दिलेला दिवा मात्र सगळं सांगून काही करत नव्हता. आपली नावं पाठ म्हणून दाखवायची आणि बोलावलं की दार लावून घ्यायचं.

"असा एक पाहुणा आमच्याकडे यायचा," सासूबाई म्हणाल्या. "सगळं येतं म्हणायचा."

सून रोज संध्याकाळी त्यालाच भिडली. जावात असं अडलेलं दार जबरीनं उघडायची एक किल्लीही असते. तिनं ती लावली. पण कंपनीनं आपली पेटी आतून अशी बंद केली होती की तीही फिरेना. गुरुवार उजाडला. मामंजी सकाळी उठून दिवे टांगायला नाट्यगृहात निघून गेले, आणि वाचायचा चष्मा टेबलावरच राहिला.

दुपारी ती चष्मा आणि लॅपटॉप घेऊन नाट्यगृहाच्या मागच्या दारी गेली. खरं तर तिला सांगायला जायचं होतं की जमत नाही. दारावर पहारेकरी नवा होता. स्टूल टाकून बसला होता आणि त्यानं पाय आडवा पसरला होता.

"कोणाकडे?"

"मामंजी आहेत आत," ती सवयीनं म्हणाली. "त्यांचा चष्मा द्यायचाय."

"कोण आहेत?"

"मामंजी. म्हणजे माझे सासरे."

"ताई, सासरे तुमच्या घरी. इथे कामाची माणसं असतात."

तिनं मामंजींचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. घरात ते नाव ती कधी घेत नसे, त्यामुळे सांगताना जरा अडखळली. त्यानं मान हलवली. "असं कोणी नाही आमच्याकडे."

"सगळे काजवा म्हणतात बघा त्यांना."

"किडेबिडे आत सोडत नाही."

"अहो दादा, नाटकाचे दिवे लावतात ते."

"दिवेवाले?" त्यानं पाय मागे घेतला. "मग तसं म्हणा की. शिडीवर आहेत. जा."

ती दोन पावलं आत गेली आणि थांबली. मागे वळून म्हणाली, "तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"मी काय म्हणालो? जा म्हणालो."

"त्याच्या आधी."

पहारेकऱ्याला वाटलं आपलं काही चुकलं. "काही नाही ताई, मग तसं म्हणा, एवढंच."

तिनं चष्मा मामंजींना दिलाच नाही. विंगेतल्या लाकडी पायरीवर ती बसली आणि लॅपटॉप मांडीवर उघडला.

इतके दिवस ती त्या दिव्याला काय करत होती? आरसा धरायची आणि विचारायची, तू मुळात कोण? दिवा खरं ते सांगायचा. कंपनीच्या बंद पेटीत, आतल्या आत, त्याची जी जात होती तिचं नाव तो सांगायचा. जावात तिला क्लास म्हणतात. ते त्याचं घरातलं नाव, मामंजींसारखं. आणि ती त्या नावानं उंबऱ्याबाहेरून हाक मारत होती. घरातल्या नावाला दारावर किंमत नसते. पहारेकरी अडवणारच, आणि त्यानं अडवावंही. पण त्याच दिव्यानं बाहेरच्या जगाला एक शब्द देऊन ठेवला होता: मी दिवा आहे, दिव्याची ही ही कामं माझ्याकडून करून घ्या. अशा चारचौघांत दिलेल्या शब्दाला जावामध्ये इंटरफेस म्हणतात. रेड शिफ्टही त्यात होतं. म्हणजे मेथड शोधायची ती त्याच्या घरातल्या नावाखाली नव्हे. तो ज्या नावानं चारचौघांत उभा आहे त्या नावाखाली शोधायची, आणि मग हाक त्यालाच मारायची. माणूस तोच, आणि कामही तेच. फक्त कोण म्हणून बोलावता ते बदलायचं.

इथे मला जरा थांबू द्या. देवाचंही असंच आहे. त्याचं आतलं रूप काय, ते जाणायला मोठे मोठे गेले आणि मुके होऊन परत आले. त्या नावानं हाक मारायची आपली पोच नाही, आणि ते कुलूप जबरीनं उघडतही नाही. पण त्यानं बाहेर शब्द देऊन ठेवलाय. सांभाळणारा, तारणारा, चुकलेल्याला वाटेवर आणणारा. आपण त्याला त्याच्या कामानं हाक मारतो. आणि तो येतो, तोच येतो, दुसरा कोणी नाही. असो. दिव्याकडे वळू.

तिनं हाकेला शिकवलं: वस्तूचं घरातलं नाव बंद असेल तर तिनं बाहेर काय काय म्हणून शब्द दिलाय ते बघत जा, आणि त्यांत हे काम सापडलं की तिथून बोलाव. मग लॅपटॉप नव्या बोर्डाशी जोडून विंगेत टांगलेल्या एका दिव्याला तिनं हाक मारली. रेड शिफ्ट, पूर्ण. मग उजेड, थोडासा.

शिडीवर मामंजींच्या हातावर तांबूस उजेड पडला. त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग खाली.

"आला का गं?"

"आला, मामंजी."

"काय म्हणालीस त्याला?"

"दिवा म्हणाले."

"आणि इतके दिवस काय म्हणत होतीस?" ते सावकाश उतरू लागले. "अगं, माझा चष्मा आणलास का?"

शुक्रवारी रंगीत तालीम झाली. नटीबाई अंगणात बसल्या. दिवेवाले नव्या बोर्डापाशी, त्यांचं थरथरतं बोट एका कळीवर. सून मागे उभी होती. आता काही बिघडलं तर दुरुस्त करायला वेळ नव्हता. अंधार झाला. बराच वेळ अंधारच राहिला. दिग्दर्शिकाबाईंनी खुर्चीत हालचाल केली. कंपनीचा माणूस तयार पहाटेच्या बटणाशी बोट नेऊन बसला होता.

नटीबाईंचा खांदा हलला. दिवेवाल्यांनी कळ दाबली.

आधी काहीच दिसलं नाही. मग वाटलं, मागच्या भिंतीच्या पायथ्याला काहीतरी आहे. निखारा राखेखाली असतो तसं. कंस एकामागून एक दिव्यांना हाका मारत होते, आणि ज्याला जितकं सांगितलं तितकाच तो जागा होत होता. लाली वर चढली. नटीबाईंनी श्वास रोखला तेव्हा ती थांबली, सोडला तेव्हा पुढे आली. त्यांच्या पायांवर आली, मांडीवर ठेवलेल्या हातांवर आली. चेहऱ्यावर आली तेव्हा लाल राहिली नव्हती, पिवळी झाली होती, आणि कधी झाली ते कोणालाच सांगता आलं नसतं.

प्रवेश संपला. नटीबाई उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "काजव्या, तूच होतास ना रे?"

"मीच होतो."

दिग्दर्शिकाबाई खुर्चीतून उठल्या. "काका, कंपनीच्या माणसाला सांगू का मग? तयार पहाट नको म्हणून?"

"सांगा," दिवेवाले म्हणाले. "तिला उशिरापर्यंत झोपू दे म्हणावं."

कंपनीच्या माणसानं बटणावरचं बोट काढलं. तोही हसला. मग हळूच सुनेपाशी येऊन त्यानं विचारलं, "आमच्या दिव्याला रेड शिफ्ट येतं? मला माहीतच नव्हतं."

"आम्ही त्याला विचारलं," ती म्हणाली.

घरी आल्यावर मामंजींनी चप्पल कोपऱ्यात ठेवली. सासूबाईंनी आतूनच ओळखलं आणि "अहो" म्हणाल्या. मामंजींनी आधी त्यांच्या हाताकडे बघितलं. हात रिकामा होता. तरीही ते आत गेले.

सुनेनं भोंग्याच्या मजकुरात हाक या शब्दावरची टीप पुसली नाही. "कोणालाही, कशासाठीही," हे तसंच राहू दिलं. "नंतर बघू" एवढे दोनच शब्द काढले, कारण आता ते बघून झालं होतं.

तर मंडळी, उठायच्या आधी माझं एक मागणं आहे. सून हुशार होती, दिवेवाले गुणी होते, त्यांची आठवण त्यांचं नाटक ठेवील. तुम्ही त्या भोंग्याची आठवण ठेवा. त्यानं ती पहाट बघितली नाही, तो नवा दिवाही बघितला नाही. उद्या कोण येईल ते त्याला ठाऊक नव्हतं, तरी येणाऱ्याला बोलावता यावं म्हणून त्यानं एक शब्द रिकामा ठेवला आणि तो गेला. आज घरी जाऊन तुम्ही कोणालातरी हाक माराल, आणि ते माणूस हातातलं काम टाकून तुमच्याकडे वळून बघेल. तेवढ्या क्षणी, मनातल्या मनात, त्याला एकदा आठवा.